आठ घरांचा कागद

कापडावरचं फूल आधी मोजतात आणि मग काढतात. कॅनव्हासवर रंगवणाऱ्या चित्रकाराला हा क्रम उलटा वाटेल, पण जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागासाठी ज्यानं एकदा तरी ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावर घराघरानं रंगवलेली नक्षी, केला आहे, तो हेच सांगेल. माझे उस्ताद भिवंडीतले जुने ग्राफ करणारे. त्यांचे वडील उत्तर प्रदेशातल्या मऊहून आलेले. शिकवणं असं त्यांनी फारसं केलं नाही, एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवलं: "पहले कपड़ा गिन, फिर फूल बना." इंचात उभे धागे किती आणि आडवे किती, हे कागदाच्या कोपऱ्यात लिहिल्याशिवाय ते ब्रश ओला करू देत नसत.

आता मी भिवंडीजवळच्या दापोड्याला घरीच बसून लिनक्स प्रणालीच्या संगणकावर पेन टॅब्लेटनं नक्षी काढतो. हत्यार बदललं, पण उस्तादांचं ते वाक्य रोज उपयोगी पडतं. भिवंडीच्या मागांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, संपांबद्दल, दंगलींबद्दल, गोदामांबद्दलही. ग्राफ करणाऱ्यांबद्दल माझ्या वाचनात काही आलं नाही. म्हणून हे लिहितो.

भिवंडीची खरी ओळख ग्रे कापडाची, म्हणजे विणून तसंच धुलाईला आणि छपाईला जाणाऱ्या कोऱ्या ताक्यांची. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी इथं हातमाग लावले आणि पुढच्या शतकात विजेचे माग आले. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग १९०४ साली बसवला होता, त्यामानानं भिवंडी उशिरा निघाली, पण मुंबई हाकेच्या अंतरावर असल्यानं वाढली झपाट्यानं. गिरण्यांनी मोडीत काढलेले माग इथल्या शेडमध्ये येऊन पुन्हा चालू लागत. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि गिरण्यांचं काम बरंचसं इकडे वळलं. त्या दिवसांत भिवंडीत रात्रभर खटखट थांबत नसे.

या सगळ्या पसाऱ्यात नक्षीचं काम थोडं होतं. काठाची साधी नक्षी डॉबी या साध्या यंत्रावर निघायची. पडद्यांचं आणि सोफ्याचं कापड, चादरी अशा मालासाठी काही कारखानदारांनी जॅकार्ड बसवलं होतं. त्या थोड्या मागांसाठी ग्राफ करणारी आम्ही मोजकी माणसं. कारखान्याच्या माळ्यावर उतरतं टेबल आणि वर ट्यूबलाइट. खाली माग चालू असले की टेबल थरथरायचं, त्यामुळे बारीक रेघेचं काम मागांच्या सुट्टीत करावं लागे.

ग्राफचा कागद वहीतल्या आलेखासारखा दिसतो, पण त्याचं गणित वेगळं आहे. त्यावर जाड रेघांचे मोठे चौकोन असतात आणि प्रत्येकाच्या आत उभ्या आठ ओळी. जॅकार्डच्या यंत्रात सुया आठाच्या रांगेत बसवलेल्या, कार्ड पंच करणाराही एका वेळी आठच भोकांची रांग वाचणार, म्हणून आठ. आडव्या ओळी मात्र कापडाप्रमाणे बदलतात. इंचात ऐंशी उभे आणि साठ आडवे धागे असतील तर साठाला आठानं गुणून ऐंशीनं भागायचं: सहा. मग दुकानातून आठ बाय सहाचा कागद आणायचा. आडवे धागे जास्त असतील तर आठ बाय दहा, आठ बाय बारा. कागदावरची घरं त्यामुळे कधी बसकी, कधी उभट दिसतात, पण काढलेलं फूल डोळ्यांना गोल दिसतं आणि विणल्यावरही गोलच उतरतं. चुकीच्या कागदावर तेच फूल काढलं तर कापडावर ते कैरीसारखं लांबट निघतं. तोवर कार्डं पंच झालेली असतात, उभ्या धाग्यांचा बीम चढलेला असतो आणि पैसे गेलेले असतात.

ऐंशी-साठच्या कापडावर एक इंचाचं फूल म्हणजे रुंदीला ऐंशी घरं आणि उंचीला साठ. एकेक घर म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा जिथं एकमेकांना ओलांडतात ती एक जागा. घर रंगवलं तर उभा धागा वर उचलायचा, कोरं ठेवलं तर खालीच राहू द्यायचा. आधी पेन्सिलीनं बाह्यरेषा, मग ती रेषा घरांच्या पायऱ्यांवर बसवायची. कुयरीच्या टोकाशी तीन घरं, मग दोन, मग एक, मग पुन्हा एक असं उतरत गेलं तरच वळण गोड दिसतं. त्यानंतर आत रंग भरायचा आणि भरलेल्या रंगात बांधणीचे ठिपके सोडायचे. हे ठिपके नसले तर धागा कापडावर मोकळा लोंबत राहतो आणि बांगडीत नाहीतर कडीत अडकून ओढला जातो. चांगला ग्राफ मी लांबून ओळखतो तो या ठिपक्यांवरून. फूल कुणीही सुंदर काढेल, ठिपके जागच्या जागी टाकायला कापडाची समज लागते.

ग्राफ झाला की तो पंचिंगवाल्याकडे जाई. तो आपल्या मशीनपुढे ग्राफ उभा लावायचा, पट्टीनं एक ओळ झाकून दुसरी उघडी ठेवायचा आणि बोटांनी कळा दाबत पायानं पावडी मारायचा. आडव्या प्रत्येक धाग्याला पुठ्ठ्याचं एक कार्ड, ज्याला उस्ताद पत्ता म्हणत. सगळे पत्ते दोऱ्यानं एकमेकांना शिवून त्यांची माळ मागावर चढायची. त्याआधी हार्नेस बांधणाऱ्यानं शेकडो दोऱ्या एकेका हूकपासून एकेका धाग्यापर्यंत आणून सारख्या उंचीवर गाठलेल्या असत. एक गाठ इकडची तिकडे झाली तर साऱ्या ताक्यावर तेवढ्या जागी रेघ पडणार. या बांधणाऱ्याचं नाव कापडावर कधी आलं नाही, बिलावरही नाही. नक्षी काढणाऱ्याइतकंच नक्षीचं श्रेय हत्यार जोडून देणाऱ्याचं असतं असं मी तेव्हापासून मानतो. पुढे टॅब्लेटची गोष्ट सांगायची आहे तीही याच कारणानं.

पत्त्यांची ही पद्धत फ्रान्समधल्या लियाँ शहरातली. बूशाँनं १७२५ मध्ये भोकं पाडलेला कागद वापरून पाहिला, फाल्कननं त्याची कार्डं केली, वोकांसाँनं यंत्र सुधारलं आणि जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास सगळं एकत्र जमवून चालतं केलं. १८३९ साली लियाँमध्ये जॅकार्डचंच चित्र रेशमात विणलं गेलं, त्याला चोवीस हजार पत्ते लागले. त्याची एक प्रत चार्ल्स बॅबेजकडे होती आणि आपल्या गणिती यंत्राला हुकूम देण्यासाठी त्यानं हेच पत्ते योजले. संगणकाच्या इतिहासाची पुस्तकं इथून सुरू होतात. आम्ही मात्र हा इतिहास संपेपर्यंत त्याच पत्त्यांवर पोट भरत होतो.

मुंबईच्या मोठ्या गिरण्यांत नक्षीचे वेगळे स्टुडिओ असत आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून आलेली मुलं तिथं नोकरीला लागत. सरकारनं पन्नाशीच्या दशकात विणकर सेवा केंद्रं काढली आणि पुपुल जयकरांच्या पुढाकारानं तिथं चांगले चित्रकार आले. आपले प्रभाकर बरवे त्यांतलेच. नागावात १९३६ साली जन्मलेले बरवे १९६१ मध्ये या केंद्रात रुजू झाले, काही वर्षं बनारसला होते, मग मुंबईत. त्यांच्या चित्रांतली मोकळी जागा, एकेकटी ठेवलेली वस्तू याबद्दल समीक्षक लिहितात. मला त्यांचं चित्र पाहताना दिसतं ते हे की या माणसाला रिकाम्या घराची किंमत ठाऊक आहे. विणकरांच्या शेजारी बसल्याशिवाय ती कळत नाही असं माझं मत आहे, कुणाला पटो न पटो. संपानंतर गिरण्यांचे स्टुडिओ हळूहळू मिटले. त्यांतली काही माणसं सुरतेला गेली, काही भिवंडीत आली. त्यांच्या हाताखाली मी पहिल्यांदा पाहिलं की गुलाबाच्या पाकळीला सावली द्यायला सहा वेगवेगळ्या बांधण्या वापरता येतात.

१९८३ साली मिलानच्या यंत्रप्रदर्शनात बोनास कंपनीनं इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड मांडलं. त्यात पत्ते नाहीत, संगणक थेट हूक उचलतो. आमच्याकडे ते पोहोचायला बराच काळ गेला, पण आलं तेव्हा आधी पंचिंगवाल्याचं काम गेलं. मग ग्राफचा कागद मिळेनासा झाला. कारखानदार म्हणू लागले, फाइल द्या. फाइल म्हणजे बिटमॅप, आणि बिटमॅप म्हणजे आमचाच ग्राफ: एक घर, एक रंग. ते पहिल्यांदा पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा मला परकं असं काही वाटलंच नाही. अडचण हाताची होती. माउसनं घर भरता येतं, वळण काढता येत नाही. कुयरीची पाठ खांद्यातून येते. माउसला ती मनगटातून ओढायला लागायची, आणि संध्याकाळी हात भरून यायचा.

संगणकावर पेननं काढण्याची सोय मात्र फार आधी झाली होती. आयव्हन सदरलँडनं एमआयटीत १९६३ मध्ये प्रकाशाचं पेन थेट पडद्याला लावून रेषा काढून दाखवल्या. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या रँड संस्थेनं टेबलावर ठेवायची पाटी, म्हणजे टॅब्लेट, केली. तिची पृष्ठभागाखालची रचना मी वाचली तेव्हा उठून बसलो. तांब्याच्या बारीक रेघा, इंचाला शंभर, एका थरात उभ्या आणि दुसऱ्या थरात आडव्या. दोन्ही दिशांना १०२४. पेनचं टोक कुठल्या उभ्या आणि कुठल्या आडव्या रेघेवर आहे हे ओळखून संगणक ती जागा ठरवायचा. म्हणजे पाटीच्या पोटात ताणाबाणाच होता. किंमत अठरा हजार डॉलर, त्यामुळे ती प्रयोगशाळांतच राहिली. जपानमध्ये १९८३ साली वॅकॉम कंपनी स्थापन झाली आणि तिनं तारेशिवायचं पेन आणलं. त्या पद्धतीत पाटीखालच्या तारांतून चुंबकीय लहरी निघतात, त्यांच्यावरच पेन चालतं, त्याला बॅटरी लागत नाही. आता तशाच पाट्या स्वस्तात मिळतात आणि दाबाच्या ८१९२ पातळ्या मोजतात.

लिनक्सकडे मी वळलो त्याला दोन कारणं. जुना संगणक त्यावर नीट चालतो, हे एक. दुसरं असं की विणकामाच्या जगात लिनक्स आधीपासून आहे. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहरात १९९२ मध्ये सुरू झालेली अराहने ही छोटी कंपनी अराहवीव्ह नावाचा विणकामाचा प्रोग्रॅम करते. तो लिनक्सवर चालतो आणि भारतातल्या गिरण्यांतही वापरला जातो. त्यांचा अराहपेंट हा नक्षी काढायचा प्रोग्रॅम तर फुकट आहे. त्यात धाग्यांची घनता सांगितली की पडद्यावरची घरं त्या प्रमाणात बसकी किंवा उभट होतात. आठ बाय सहाचा कागद, आठ बाय दहाचा कागद, सगळे एकाच खिडकीत. हे ज्यानं केलं त्यानं मागावर हात ठेवलेला असणार, याबद्दल मला शंका नाही.

टॅब्लेट आणि लिनक्स यांची गाठ बांधणारी माणसं याहून कमी ठाऊक आहेत. नव्वदच्या दशकाच्या मध्यात फ्रेडरिक लेपिए यांनी वॅकॉमच्या टॅब्लेटसाठी पहिला ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला टॅब्लेटशी बोलायला लावणारा प्रोग्रॅम, लिहिला. यूएसबी आल्यावर झेक प्रोग्रॅमर व्हॉयटेक पाव्हलिक यांनी कर्नलमधला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातला भाग केला. जॉन जोगॅनिक यांनी काम पुढे नेलं, आणि मग वॅकॉमच्याच पिंग चेंग यांनी ते सांभाळलं. पीटर हटरर यांनी टॅब्लेटच्या वर्णनांचा एक संग्रह उभा केला. त्यात प्रत्येक टॅब्लेटची एक साधी मजकुराची फाइल: नाव, रुंदी, उंची, बटणं किती, कोणत्या बाजूला. कुणीही उघडून वाचावी, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. ग्राफच्या कोपऱ्यात रीड-पीक, म्हणजे इंचातले उभे-आडवे धागे, लिहायची आमची पद्धत मला त्यात दिसते.

स्वस्त टॅब्लेटची गोष्ट निराळी. अनेक नावांनी विकल्या जाणाऱ्या या पाट्यांच्या आत बऱ्याचदा यूसी-लॉजिक या तैवानी कंपनीचं तंत्र असायचं, आणि लिनक्ससाठी सोय कुणी दिलेली नसे. निकोलाय कोंड्राशोव्ह यांनी २०१० च्या आसपास हे काम स्वतःहून अंगावर घेतलं. त्यांनी संगणक आणि पाटी यांच्यातलं बोलणं तपासून काढलं. पाटी जोडल्यावर आधी साध्या, कमी अचूक रीतीनं चालते. तिला एका ठरावीक क्रमांकाची माहिती विचारली की मग ती आपली लांबी, रुंदी आणि दाबाच्या पातळ्या सांगते आणि पूर्ण ताकदीनं चालू लागते. तो प्रश्न कोणता, हे शोधणं सोपं नव्हतं. डिजिमेंड नावानं त्यांनी ते सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आणि पुढे ते कर्नलमध्येही गेलं. असं काम करणाऱ्या माणसाला भिवंडीत आम्ही चहा पाजल्याशिवाय सोडलं नसतं.

क्रिता या चित्रांच्या प्रोग्रॅमलाही असाच एक माणूस मिळाला. तो १९९९ पासून रखडत होता. नेदरलँड्सच्या बौडेविन रेम्प्ट यांना वाढदिवसाला टॅब्लेट मिळाला, त्यांना एक नकाशा काढायचा होता आणि मनासारखं साधन सापडेना. म्हणून त्यांनी क्रिताचं काम हाती घेतलं आणि २००४ मध्ये त्याची जबाबदारी घेतली.

माझा टॅब्लेट लावून दिला माझ्या भाचीनं. ती इथल्याच एका गोदामाच्या ऑफिसात मालाचा हिशोब ठेवते. टॅब्लेट जोडला तर पेन नुसतं माउससारखं हलत होतं, दाब कळत नव्हता आणि पाटीचा एक तुकडाच चालत होता. मला कोंड्राशोव्हांची गोष्ट तेव्हा ठाऊक नव्हती, ती तिनं सांगितली. "मामा, टॅब्लेट बिघडलेला नाही, त्याला अजून कुणी नीट विचारलेलं नाही," ती म्हणाली. तिनं माझ्या लिनक्स मिंटचं कर्नल नवं केलं, डिजिमेंडचा ड्रायव्हर टाकला, संगणक बंद करून चालू केला आणि टर्मिनलमध्ये एक्ससेटवॅकॉम या आज्ञेनं जोडलेल्या उपकरणांची यादी मागितली. पेनचं नाव आलं. क्रितात रेघ ओढली तर ती दाबाप्रमाणे जाड-बारीक उमटली.

मग मी गोल काढला आणि तो बसका निघाला. इथं मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पाटी १६ ला १० या प्रमाणात, पडदा १६ ला ९. सगळी पाटी सगळ्या पडद्यावर ताणली की उंची एक दशांशानं दबणार. दोन पडदे शेजारी लावले असतील आणि पाटी दोन्हींवर पसरली असेल तर गोल उंचीच्या दुपटीहून जास्त रुंद होणार. भाचीनं आधी पेन एका पडद्यापुरतं बांधलं. मग आम्ही पाटीच्या खालच्या बाजूची सुमारे दीड सेंटिमीटरची पट्टी हिशोबातून काढून टाकली, उरलेला भाग बरोबर १६ ला ९ झाला आणि गोल गोल आला. नव्या डेस्कटॉपांत हेच काम सेटिंगमधल्या प्रमाण राखण्याच्या एका खुणेनं होतं. पण त्यामागचा हिशोब आठ बाय सहाच्या कागदाचाच, आणि तो समजला की कुठलाही टॅब्लेट कुठल्याही पडद्याला लावता येतो. कापडाचं काम करणाऱ्यांनी आणखी एक करावं: कच्चं रेखाटन दाबासकट मोकळ्या हातानं काढावं, पण घरं भरायला बसलं की दाब बंद करावा आणि कडा मऊ करायची सोयही बंद करावी. घर एकतर भरलेलं असतं नाहीतर रिकामं. अर्धवट करड्या घराचं मागानं काय करायचं?

दापोड्यात आता माग ऐकू येत नाहीत. माझ्या लहानपणी माणकोली नाक्याकडून गावात येताना दोन्ही बाजूंना भाताची खाचरं होती. भिवंडीत माल उतरवला की मुंबईची जकात तेवढ्यापुरती वाचायची, म्हणून खाचरांवर एकामागून एक गोदामं उभी राहिली. वळ, पूर्णा, राहनाळ, सगळीकडे तेच. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि जकात गेली, तरी गोदामं वाढतच राहिली. माझ्या टॅब्लेटचा खोकाही यांतल्याच एखाद्या गोदामातून निघाला असेल. शेती गेल्याचं दुःख आईला अजून आहे आणि ते खरं आहे. भाचीला मात्र घराजवळ नोकरी मिळाली, तेही खरं आहे.

मला आता घाई आहे ती जुन्या ग्राफची. भिवंडीत बंद पडलेल्या शेडच्या माळ्यांवर, पेट्यांत, कपाटांच्या मागे रंगवलेले ग्राफ अजून पडून आहेत आणि पावसाळ्यात वाळवी त्यांना लागते. ज्यांच्या घरी असतील त्यांनी ते रद्दीत देण्याआधी एक काम करावं. ग्राफ सपाट ठेवून वरून, तिरका न होऊ देता फोटो घ्यावा किंवा स्कॅन करावा. फाइल पीएनजीत ठेवावी, जेपीजीत नाही, कारण जेपीजीत घरांच्या कडा विरघळतात आणि बांधणीचे ठिपके सगळ्यात आधी जातात. कागद आठ बाय किती आहे ते मोजून फाइलच्या नावातच लिहावं. कोपऱ्यात रीड-पीक लिहिलेलं असेल तर तेही. आणि ग्राफ कुणी केला, पत्ते कुणी पंच केले, हार्नेस कुणी बांधला, हे घरात कुणाला आठवत असेल तर ती नावं आजच विचारून घ्यावीत.